दारावरची फुली

मु. पो. कुंभार पिंपळगाव

चिरंजीव भारतास कारभारीदादाचे आशीर्वाद.

इकडं समदे बराबर. पोलिओच्या पायाला बांधायचं नवं कॅलिपर अजून काचतं का, ते कळव. फोनवर तू 'हां हां' म्हणून ठेवून देतोस, म्हणून कागद घेतला. (कागद सूनबाईच्या वहीतला हाय, बोलू नको.)

माझं डोकं बिलकुल चालून न्हाई राह्यलं. तू जालन्याला कचेरीतला माणूस, तूच समजून सांग. पोलिओ आपल्या देशातून गेला, दोन हजार चौदाला त्याचं प्रमाणपत्रबी मिळालं म्हणतेत. गेला तर मंग डोस कशाचा? चांगुणाबाई (आपल्या गावच्या आशाताई) म्हणली, शेजारच्या देशांत हाय अजून, तिथून परत येऊ शकतो. बरं, नातीला सुई टोचली ती कशाची? तीबी पोलिओचीच. अन् हे थेंब? तेबी पोलिओचेच, दोन्ही लागतेत. मला काही उमगलं न्हाई. पण तुझा पाय बघितलेला माणूस मी, वाद घालत न्हाई. आकांक्षाला, म्हंजे आपल्या सूनबाईच्या, तृप्तीच्या, नऊ महिन्यांच्या लेकीला, थेंब पडलेच पाहिजेत, एवढं एकच मला समजतं.

तर झालं असं, की डोसाच्या रविवारी तृप्ती लेकराला घेऊन माहेरी आष्टीला गेल्ती. सोमवारी चांगुणाबाई घरोघर फिरत आली, लेकरू घरी न्हाई म्हणून दाराशेजारी भिंतीवर खडूनं फुली मारून गेली. शेजारी रामप्रसादच्या भिंतीवर मात्र इंग्रजी 'पी'. संध्याकाळी रामप्रसाद म्हणतो, काय कारभारी, नापास झाले वाटतं. गुरुजीनं फुली मारल्यावर काय होतं ते आपल्याला ठाव हाय (तुला कमी, मला जास्ती). माझं टाळकं सरकलं. ओल्या फडक्यानं फुली पुसली, पिठाच्या चक्कीवरून खडू आणला, अन् रामप्रसादपेक्षा मोठा 'पी' काढला. लई समाधान वाटलं.

मंगळवारी तृप्ती आली. लेकराची करंगळी बघतो तर कोरी, शाईचा ठिपकासुद्धा न्हाई. तिची आई म्हणली म्हणं, सासरच्या गावात द्या, कार्ड तिथलं हाय. म्हणलं ठीक, बुधवारी चांगुणाबाई येईलच. बुधवारी आली, 'पी' बघितला, अन् दुसऱ्या टोळीनं उरकलं समजून सरळ पुढं निघून गेली. तेव्हा मला कळलं की फुली म्हंजे 'इथं परत या' अन् पी म्हंजे 'झालं'. आता मला सांग, हे दारावरच लिहून ठेवायला काय झालं होतं?

तृप्ती धुणं घेऊन नदीवर गेल्ती. मंग मीच लेकरू उचललं अन् पळत सुटलो. पायात एकच चप्पल. तुझी वहिनी मागून वरडून राह्यली की कुणाला साप चावला का. मारुतीच्या पारापाशी चांगुणाबाईला गाठलं, तर ती म्हणती, तुमच्या घरी पी हाय, काका. चार बाया, रामप्रसाद, समदे ऐकून राह्यले. लाज गिळली अन् बोललो, "तो पी मी काढला. लेकराला कायबी दिलेलं न्हाई." तिनं माझी जी काढायची ती काढली. मंग दोन थेंब टाकले, लेकरानं थुंकले, तिनं परत टाकले, करंगळीला शाई लावली. मी पारावर बसून ढसाढसा रडलो. लोक म्हणले, म्हातारा दमला.

वहिनीचा आशीर्वाद. जेवण टायमावर करत जा.

तुझा दादा,
कारभारी

ता.क. तृप्तीला यातलं काही बोलू नको. तिला वाटतं, चांगुणाबाई घरी येऊन देऊन गेली.

ता.क. दुसरा. वरचं समदं हे लिहायची हिंमत व्हावी म्हणून लिहिलं. तू वर्षाचाबी नव्हतास, गावात डोस द्यायला नर्सबाई आल्ती. मायनं तुला माझ्या कडेवर देऊन धाडलं. शाळेमागं गोट्यांचा डाव लागला होता. तुला मातीत बसवून मी खेळलो अन् घरी येऊन 'दिला' म्हणलो. चांगुणाबाईला परवा गुपचूप विचारलं, एक डोस चुकला तर काय होतं. ती म्हणली, एकानं काही ठरत न्हाई काका, तीन लागायचे.

भारत, तिन्ही वेळेस मायनं मलाच धाडलं होतं.

ती मरेपर्यंत देवाला बोल लावत गेली, अन् मी शेजारी बसून मान हलवत राह्यलो. यावर फोन करू नको, फोनवर मला ऐकू येत न्हाई (येतं, पण करू नको). जे बोलायचं ते समोर येऊन बोल. शनिवारी दुपारच्या येष्टीला मी फाट्यावर उभा राहतो. तू उतरला न्हाईस तर पुढच्या शनिवारी उभा राहीन.