काशीदचे काळे ब्लॉक

थळ, शनिवार, २३ मे

प्रिय मृणाली,

आधी हिशेब सांगतो, कारण अंगण केवढ्याला पडलं हे तू दोनदा विचारलंस. दोनशे वीस चौरस फूट फरसबंदीचे ब्लॉक, फुटाला चौदा रुपयांनी, तीन हजार ऐंशी. खाली अंथरायला दगडाची कच अर्धा ब्रास, अठराशे. काशीदहून पियूषच्या टेम्पोचं भाडं पंधराशे. पुतण्या आपला असला तरी डिझेल आपलं नसतं. कडेची पट्टी धरायला दोन गोणी सिमेंट, सातशे साठ. ठोकायचं मशीन एक दिवस, सातशे. दोन माणसांची मजुरी सोळाशे. एकूण नऊ हजार चारशे चाळीस. दुसऱ्या कुणी वीस हजारांच्या खाली हात लावला नसता. हा आकडा मी फोनवर सांगितला तेव्हा तू ‘बाबा, तुम्ही म्हणजे कमाल आहात’ म्हणालीस आणि मी दोन दिवस हवेत होतो. आकडा खरा आहे, पण पुरा नाही. उरलेला खर्च तुझ्या आईच्या डाव्या पायावर पडलाय. त्या पायाला जखम आहे, ती वाढतेय, आणि मला भीती वाटते. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती.

तुला वाटेल, एवढं होईपर्यंत फोन का केला नाही. तुझ्या आईने माझ्याकडून शब्द घेतलाय. एकतीस तारखेला तुझी बँकेची परीक्षा, तोवर मृणालीला फोनवर यातलं काही सांगायचं नाही, असं तिने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून वदवून घेतलं. तुझा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा ती पायावर चादर घेऊन बसते, हे तुझ्या लक्षात आलं नसेल. मी शब्द मोडलेला नाही. शब्द फोनचा होता, कागदाचं कुणी काही बोललं नव्हतं. म्हणून आपल्या ब्लॉकच्या कारखान्यात टेबलाशी बसून लिहितोय. पियूष सोमवारी पुण्याला माल घेऊन येणार आहे, तोच हे तुझ्या हातात देईल.

हे सुरू झालं ते गेल्या पावसाळ्यात. माझे कान तुला माहीत आहेत. लहान असताना तू डब्यातला गूळ काढलास की मी पडवीतून ओरडायचो, तेव्हा तू आईला विचारायचीस, बाबांना मागे डोळे आहेत का. धंद्यातही मी याच कानांवर जगलो. रबरी हातोडीचा दांडा ब्लॉकवर आपटला की खाली पोकळ आहे की भरीव, ते मला आवाजावरून कळतं. तर श्रावणाच्या सुमारास मला तुझ्या आईच्या चालण्याचा आवाज बदललेला ऐकू आला. उजवं पाऊल नीट पडायचं, डावं टेकायच्या आधी जरा घासायचं. मी तिला म्हटलं तर म्हणाली, “तुमचे कान हायत का मांजराचे? बायकोच्या पावलांवर टपून बसलेत.” मी हसण्यावारी नेलं. मग एक दिवस चप्पल झटकताना तिच्या चपलेतून हरभऱ्याएवढा खडा पडला. सकाळपासून तो खडा तळव्याखाली होता आणि तिला कळलं नव्हतं. नऊ वर्षांच्या साखरेने तळव्यातली जाणीव नेली होती. अलिबागच्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं, ठेच लागू देऊ नका, पडू देऊ नका, रोज तळवे बघा. पहिल्या दोन गोष्टी मी मनावर घेतल्या. तिसरी तिने बघू दिली नाही. नवऱ्याने पायाला हात लावायचा म्हणजे तिला भलतंच वाटायचं.

त्या दिवसापासून माझं अर्धं लक्ष घरात. ती मागच्या दारी धुणं धुवायला गेली की मी इथे गिऱ्हाइकाशी बोलताना मनात तिची पावलं मोजायचो. आपलं अंगण म्हणजे कुठे खड्डा, कुठे नारळाचं मूळ वर आलेलं. ती पडली आणि मला कळलंच नाही तर काय, हेच डोक्यात. तेवढ्यात तू तो व्हिडिओ पाठवलास, थोडक्या पैशांत घराभोवती ब्लॉकची छोटी छोटी कामं कशी करावीत, त्याचा. यात तुझा काडीचाही दोष नाही हे इथेच लिहून ठेवतो, कारण तू पुढे वाचशील आणि स्वतःला बोल लावशील. व्हिडिओ चांगला होता. मी तसंच थोडं थोडं केलं. आधी मागच्या दारापासून मोरीपर्यंत दीड फुटाची पायवाट, कारखान्यातल्या कडा उडालेल्या मालाची, फुकट. मग नळाभोवती चौकोन, म्हणजे चिखल नको. दोन्ही कामं झाली आणि तिचं डावं पाऊल घासायचं थांबलं. सपाट जागेवर ती पूर्वीसारखी चालायला लागली. मला वाटलं, जिंकलो.

राहिलं पुढचं अंगण. त्याला ती तयार नव्हती. “शेणाचा सडा गेला की घर दुकानासारखा दिसंल,” म्हणाली. पण तुझा बाप माणगावला ट्रकवर क्लीनर होता तेव्हापासून लोकांना वळवत आलाय. सिमेंट विकायला आलेल्या माणसाला मी ब्लॉक विकून पाठवलंय. माझ्यापुढे नाही म्हणून कुणी शेवटपर्यंत टिकत नाही, हे मी चारचौघांत सांगतो आणि लोक मान डोलावतात. तिलाही वळवलं. वाळवणाला कशी स्वच्छ, कडक जागा होईल, माती लागणार नाही, मुंग्या येणार नाहीत, असं सांगितलं. वाळवण म्हटल्यावर ती विरघळली.

आता ते लिहितो, जे लिहायचं म्हणून दोन दिवस पेन उचलतोय आणि ठेवतोय. कारखान्यातला कडा उडालेला माल एवढ्या अंगणाला पुरणारा नव्हता, आणि चांगला माल विकायचा. मग ब्लॉक चौदा रुपयांनी कसे मिळाले? काशीदला हिरामण ज्या हॉटेलचं काम बघतो, तिथल्या पोहायच्या टाकीभोवतीचे ते काळे ब्लॉक. दोन वर्षंसुद्धा वापरलेले नाहीत, एक कड उडालेली नाही. हिरामण तीस म्हणत होता. मी विचारलं, नवेकोरे आहेत तर काढतोस का? तो म्हणाला, “शेठ, गिऱ्हाइकांची पोरं पाण्यातनं बाहेर आली की उड्या मारतात, पाय भाजतात. मालकाला रोज कटकट.” मी स्वतः तिथे उभा होतो. टाकीतून एक मुलगी बाहेर आली, दोन पावलं टाकली आणि ‘आई गं’ करून परत पाण्यात पडली. आम्ही दोघं हसलो. आणि मग मी काय केलं, मृणाली, तर तेच त्याच्या गळ्यात घातलं. म्हटलं, हिरामण, पाय भाजणारे ब्लॉक तुझ्याकडून घेणार कोण? दहा दे. तो वीसवर आला, मी बारावर, चौदावर तुटलं. परतताना टेम्पोत मी पियूषला सांगत होतो, बघ, मालातला दोष शोधता आला की भाव आपल्या हातात. तो दोष कुणाच्या पायाखाली अंथरायला चाललोय, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. आपण सगळे चप्पल घालून वावरतो. मी ब्लॉक बसवले, उतार बघितला, एकेक ठोकून ऐकला, सगळे भरीव. चप्पल घालूनच बघितलं.

आणि वाळवणाच्या जागी चप्पल घालून जायचं नाही, हे आपल्या घरात मला सांगायला हवं होतं का? खायच्या वस्तूत चपलेचं पाऊल चालत नाही, माझी आईसुद्धा मला त्यावरून चिमटे काढायची. मेच्या पहिल्या आठवड्यात तुझ्या आईने पापड घातले, आंबोशी घातली, आमसुलांची ताटं मांडली. चार दिवस ती भर दुपारी अनवाणी त्या काळ्या ब्लॉकवरून फिरली, उलटंपालटं करत, कावळे हाकत. जमिनीवर असती तर एवढं नसतं झालं, सारवलेली जमीन इतकी तापत नाही. नीराबाई कुंपणापलीकडून म्हणाली होती, “कमळे, पाय पोळत न्हाय का गो?” तुझी आई म्हणाली, “मना न्हाय वाटत काय.” नीराबाईला वाटलं, हिच्या पायांना सवय आहे.

पाचव्या दिवशी मी जेवायला बसलो होतो. ती स्वयंपाकघरातून भात घेऊन आली आणि मला फरशीवर चिकट आवाज ऐकू आला. पाऊल उचलताना चपक, टेकताना काही नाही. मी विचारलं, पाय ओले आहेत का? “व्हय, धुतलेत,” म्हणाली, आणि मी भात कालवला. संध्याकाळी नीराबाईने फरशीवरचे डाग बघितले आणि तिला जबरदस्तीने खाटेवर बसवून तळवा वर केला. अंगठ्याखालचा फोड फुटून कातडी सुटली होती. ती आम्हा दोघांकडे बघत होती, जणू दुसऱ्या कुणाचा पाय दाखवताहेत.

अलिबागला रोज पट्टी बदलली. साखर खाली येईना, जखम काळी पडायला लागली. अठरा तारखेला पनवेलच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. ते पडद्यामागे त्यांच्या मदतनिसाशी हळू बोलत होते, माणसाने ऐकू नये एवढं हळू. मी ऐकलं. अंगठा आणि शेजारचं बोट आत्ता काढलं तर पाय वाचेल. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारच्या, म्हणजे अठ्ठावीस तारखेच्या, पुढे गेलं तर घोट्यापासून, कदाचित वर. मग पडद्याबाहेर येऊन त्यांनी तेच आम्हाला शांतपणे सांगितलं, पण मी आधीच ऐकलं होतं. तेव्हापासून प्रत्येक सकाळी मी तिच्या अंगाला हात लावून ताप बघतो. पट्टीचा वास घेतो. ती झोपली की श्वास मोजतो. अंगणातून पाऊल वाजलं नाही की घाबरतो, आणि वाजलं की जास्त घाबरतो. ब्लॉक मी परवा उखडले, एकट्याने, कुंपणाला रचून ठेवलेत.

आता हे पत्र कशासाठी ते. तिने शस्त्रक्रियेला नकार दिलाय. ‘अख्खी आली, अख्खी जाईन,’ म्हणते. पहिल्या दिवशी मी तिला समजावता समजावता बोलून गेलो, काशीदचं सगळं सांगून टाकलं, हिरामण, ती पोहणारी मुलगी, चौदा रुपये. वाटलं, मन हलकं होईल आणि तिला कळेल की चूक माझी आहे, शिक्षा तिने घेऊ नये. तिने फक्त एवढंच विचारलं, “म्हंजे तुमाला ठाव होता?” ओरडली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून चहा घेते, औषध घेते, आणि पायाचा विषय काढला की भिंतीकडे तोंड करते. नीराबाई बोलली, पियूष बोलला, पनवेलहून डॉक्टर स्वतः फोनवर बोलले. तुझी परीक्षा मला माहीत आहे, तीन वर्षं तू त्यासाठी घासलंयस हेही. तरी पियूषसोबत सोमवारीच निघ. टेम्पोत पुढची सीट रिकामी ठेवायला सांगितलंय. गुरुवारी सकाळी आठला पनवेलला पोचायचंय आणि संमतीच्या कागदावर तिच्या हाताचा अंगठा लागतो. ती तुझं ऐकेल. मी पाच दिवस सांगतोय, हात जोडून सांगितलं, रडून सांगितलं, आणि ती नाहीच म्हणते.

तुझाच,
बाबा