कोरियन मुलं बोलत नाहीत

१४ सप्टेंबर, रविवार

आजही बोलली नाहीत!

शाजिया सनाबिसच्या क्लासहून आली ती स्कार्फ न काढताच सोफ्यावर पडली. म्हटलं, काय झालं? "अब्बा, भिंतीशी बोलले असते तर एव्हाना भिंत बोलली असती."

सात मुलं आहेत. कोरियन. बारा ते पंधरा वर्षांची. बाप इथे आखातात कसल्याशा मोठ्या बांधकामावर इंजिनिअर. शाळा सुटली की मेधा मॅडमच्या क्लासला इंग्रजी बोलायला शिकतात — म्हणजे शिकायला येतात. लिहिताना एक चूक नाही म्हणे. तोंड मात्र शिवलेलं.

मेधा मॅडम पुण्याची. बाई वाईट नाही, पण बोलते ते तोडून. ऑक्टोबर अखेरपर्यंत मुलं बोलायला लागली, आया खूश झाल्या, तर शाजियाचा विसा करते म्हणाली. नाही तर नाही. माझ्या मुलाची, खिजरची कंपनी उन्हाळ्यात बंद पडली. त्याचा विसा आता डिसेंबरपर्यंतच. सुनेचा झाला तर घर टिकेल. नाही तर चौघांनी गाशा गुंडाळून रत्नागिरी.

मी काय, कुठेही राहीन. पण नात, लाईबा? आठवीत आहे. वर्षाच्या मध्ये कुठली शाळा घेईल तिला? मराठी कळतं पोरीला, पण उत्तर इंग्रजीतच. एसटीची पाटीसुद्धा वाचता येणार नाही!

१६ सप्टेंबर

प्रेशरची गोळी दोनदा घेतली की एकदाही नाही, आठवत नाही. शाजियाला विचारायचं धाडस झालं नाही. तिला तिचंच पुरे आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

काल दिवसभर मी आणि शाजिया जेवणाच्या टेबलावर बसून खेळ तयार करत होतो. ती कॉम्प्युटरवरून काढते, मी पुठ्ठा कापतो. कापडाच्या दुकानात जन्म गेला, कात्री सरळ चालते एवढं एकच येतं मला. इंग्रजी क्रियापदांचा हाऊजी केला. रन, ईट, फर्गेट. प्रत्येकाला एक कार्ड. ओळ भरली की उभं राहून त्या शब्दांचं वाक्य बोलायचं. लाईबावर आधी करून बघितला. ती म्हणाली, "दादा, दिस इज फॉर बेबीज." तरी दोनदा खेळली. म्हणजे बरा असणार.

आज वर्गात — ओळ कुणाचीच भरेना! शाजिया मागे जाऊन बघते तर सगळ्यात धाकट्या पोराचं अख्खं कार्ड भरलेलं. गप्प बसलेला. का, तर पंधरा वर्षांच्या मोठ्या मुलाचं अजून भरलं नव्हतं. मोठ्याच्या आधी जिंकायचं कसं!

मला ते पोर आवडलं. आमच्यातही वडिलांच्या आधी ताटाला हात लावत नाही कुणी. पण विसा अशाने होत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

शाजिया म्हणाली, "अब्बा, तुम्ही या एकदा. दुकान-दुकान खेळू. दुकानदार तुम्ही." मी नको म्हणत होतो. सातवीत शाळा सुटली माझी. माझं इंग्रजी म्हणजे मनामाच्या सूकमधलं, बाजारातलं — कम मॅडम, सी मॅडम, नो बाय नो प्रॉब्लेम. ती म्हणाली, तेच हवंय, घासाघीस करू दे पोरांना, तोंड उघडेल.

गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला. टेबलावर ओढण्या मांडल्या. दोयुन म्हणून एक मुलगा आहे. चौदाचा, चष्मा, केस डोळ्यांवर. तो समोर आला. ओढणी दाखवली. म्हटलं, टेन दीनार! आता म्हणेल, टू मच. मी म्हणेन, ओके, फॉर यू नाइन. सगळं मनात ठरलेलं.

त्याने खेळातले दहा कागद मोजून ठेवले, मान लववली, ओढणी घेऊन जागेवर जाऊन बसला.

खलास!

एवढ्या वर्षांत असं गिऱ्हाईक बघितलं नाही. शाजियाने तोंड फिरवलं. हसली की रडली, कळलं नाही.

२३ सप्टेंबर

आज म्हणे दोघंजण एकेक शब्द बोलले. एक "येस." दुसरा "नो."

२५ सप्टेंबर

खिजर सकाळपासून फोनवर. इथे सीव्ही, तिथे सीव्ही. "इंशाल्ला बघू" म्हणून सगळे ठेवून देतात. आज मला म्हणाला, "अब्बा, गावच्या घराची कौलं कशी आहेत हो?" सहज विचारल्यासारखं. मी सहज उत्तर दिल्यासारखं म्हटलं, बरी आहेत.

बरी नाहीत. गेल्या साली चुलत्याचा मुलगा सांगत होता.

२८ सप्टेंबर, रविवार

मेधा मॅडम आईच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेली. आठ तारखेला परत येणार. जाताना शाजियाला म्हणाली, "आले की आयांची मीटिंग घेते. तोवर काहीतरी दाखवण्यासारखं करा."

काहीतरी! काय करणार? चित्रं झाली, पत्ते झाले, गाणी झाली. माझी बायको शरीफुन्निसा असती तर म्हणाली असती, तुझं काय जातं, गप बस की. पण ती गेल्यापासून मला गप बसवणारं कुणी राहिलं नाही.

३० सप्टेंबर

सुचलं! मामाचं पत्र हरवलं! गोल बसायचं, एकाने रुमाल घेऊन मागून पळायचं, कुणाच्या तरी मागे टाकायचा. पळताना इंग्रजीत ओरडायचं. पळणारं पोर लाजायला विसरतं. आम्ही शाळेच्या मैदानात खेळायचो तेव्हा मुक्यालासुद्धा वाचा फुटायची.

शाजिया म्हणाली, मोठी मुलं आहेत अब्बा, खेळतील? लाईबा म्हणाली, "सो क्रिंज." याचा अर्थ विचारला नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

लिहितो.

खेळ सुरू झाला. खुर्च्या बाजूला सारल्या, पोरं गोल बसली. आणि काय नवल, त्यांना तो येत होता! त्यांच्याकडेही असाच रुमालाचा खेळ आहे. मोठा मुलगा पळाला, धाकटा पळाला. "लेटर लॉस्ट!" असं एक-दोघं ओरडलेसुद्धा. मी टाळ्या वाजवत होतो. तेवढ्यात शाजियाला पुण्याहून मेधा मॅडमचा फोन आला. ती बाहेर गेली. म्हणाली, चालू ठेवा.

रुमाल दोयुनच्या मागे पडला. त्याचं लक्ष नव्हतं. पळणारा फेरी मारून परत आला तरी हा बसलेलाच. आता आपल्याकडे काय करतात? पाठीत धपाटा! मी विचारच केला नाही. हसत हसत गेलो आणि दिला ठेवून. चांगला आवाज झाला.

कुणी हसलं नाही.

सगळी पोरं जमिनीकडे बघायला लागली. दोयुन सावकाश उठला, माझ्याकडे वळला आणि कमरेतून वाकला. मी मारलं आणि त्याने मला वाकून नमस्कार केला! शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शाजिया आत आली. "काय झालं? एवढी शांतता?" म्हटलं, काही नाही, दमलीत पोरं.

का खोटं बोललो? परक्याच्या पोरावर हात उचलला मी. या देशात. सुनेच्या वर्गात. कळलं तर विसा सोडा, पोलीस येतील.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

जुम्म्याला गेलो. नमाजमध्ये लक्ष नाही. सलाम फेरला तरी डोळ्यांसमोर त्या पोराची वाकलेली पाठ.

शाजियाला सांगावं असं तीनदा मनात आलं. तिने बिर्याणी केली होती. लाईबा जोक सांगत होती. नाही सांगितलं.

५ ऑक्टोबर, रविवार

कुणीच आलं नाही.

सातही जण नाहीत. शाजिया रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून राहिली. आयांना फोन केले, कुणी उचलत नाही. पुण्याला फोन लावला तर मेधा मॅडम दवाखान्यात, घाईत म्हणाली, "सगळे एकदम? मग काहीतरी घडलंय वर्गात. शाजिया, असं असेल तर विसाचं मला पुन्हा बघावं लागेल."

घरी येऊन शाजिया रडली नाही. भांडी घासली. धुतलेलीच परत घासली. खिजर म्हणाला, "नोव्हेंबरची तिकिटं बघून ठेवतो." लाईबाने मराठीत विचारलं, "आपण जायचं?"

माझ्यामुळे! एका धपाट्यामुळे!

दोयुन इथेच राहतो, माहूजमध्ये, आमच्या मागच्या गल्लीत. कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, वरच्या बिल्डिंगीत आईबरोबर चढताना बघितलंय त्याला. उद्या जाणार. पाया पडायला लागलं तर पडेन.

६ ऑक्टोबर, सोमवार

गेलो. हे काय करून बसलो!

हलव्याचा डबा घेतला. घरात कुणाला सांगितलं नाही. दार उघडलं तर दारात ही चपला-बुटांची रास! आतून बायकांचे आवाज. मनात म्हटलं, मीटिंग चाललीय. आमच्याविरुद्धच. पाय मागे फिरत होते. पण दोयुनच्या आईने मला बघितलं. मीही चपला काढून आत गेलो.

सगळे तिथेच. सातही पोरं. त्यांच्या आया. जमिनीवर बसलेले, मध्ये बुटकं टेबल, त्यावर ताटंच ताटं. सगळे माझ्याकडे बघतायत. मला वाटलं, आत्ता नाही बोललो तर कधीच नाही. डबा छातीशी धरून उभ्या उभ्या सांगितलं — "मॅडम! आय बीट युवर बॉय. हिअर, बॅक. शाजिया आउटसाइड. शाजिया नो नो! शाजिया व्हेरी गुड टीचर. ओल्ड मॅन बॅड. सॉरी. यू कम क्लास, आय नो कम. फिनिश!" आणि पाठीवर हात मारून दाखवलासुद्धा.

एकीलाही कळलं नाही. बायकांना इंग्रजी येतच नाही. दोयुनच्या आईने पोराकडे बघितलं. पोराचे कान लाल. मग तो त्यांच्या भाषेत हळूहळू सांगायला लागला. माझा गुन्हा त्यानेच वाचून दाखवायचा! बायकांनी तोंडावर हात ठेवले. आईचा चेहरा बदलला. तिने काही विचारलं. तो बराच वेळ बोलला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ग्रँडफादर, शी डिड नॉट नो. नोबडी न्यू. आय डिड नॉट टेल."

म्हटलं, मग क्लास? व्हाय नो क्लास?

"टुडे इज अवर बिग हॉलिडे. थ्री डेज. मदर्स रोट इन द ग्रुप."

तो ग्रुप मेधा मॅडमच्या फोनमध्ये. मॅडम दवाखान्यात. मेसेज कोरियन भाषेत.

म्हणजे कुणाला काही माहीत नव्हतं! पोराने घरी अवाक्षर काढलं नव्हतं. मी जाऊन भर सणाच्या दिवशी, सगळ्या आयांसमोर, ओरडून सांगितलं!

निघत होतो. त्यांनी बसवलं. बशीत करंजीसारखं काहीतरी, तांदळाच्या पिठाचं, वाफवलेलं. मी हात मागे घेतला. विचारणार कसं? दोयुनला समजलं. "नो मीट, ग्रँडफादर. राइस अँड सेसमी. यू कॅन ईट." खाल्लं. आया आपसात काहीतरी बोलत होत्या, मधूनच माझ्याकडे बघून. एक शब्द कळेना.

जिना उतरताना लक्षात आलं — हाच तो मुलगा. वर्गात महिनाभर एक अक्षर न बोललेला!

घरी येऊन सगळं सांगितलं. शाजियाने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग एवढंच, "अब्बा, तुम्ही मारलंत? आणि मला सांगितलं नाहीत?" खिजर म्हणाला, "तुम्हाला जायला सांगितलं होतं कुणी?"

कुणीच नाही.

७ ऑक्टोबर

शाजियाने चहा आणून ठेवला. लगेच आत गेली.

८ ऑक्टोबर, बुधवार

मेधा मॅडम आली. शाजियाला फोन — आज दुपारी दोयुनची आई आणि आणखी तिघी तिला भेटायला येतायत, बरोबर दोयुन. कशासाठी ते सांगत नाहीत, नुसतं ग्रँडफादर, ग्रँडफादर म्हणतायत. "उद्या सकाळी कळवते. तुमच्या सासऱ्यांनी काय केलं हो?"

मी खिजरला म्हटलं, माझं तिकीट आधी काढ. मी इथे नसलो तर कदाचित तिला ठेवतील. तो म्हणाला, "अब्बा, पाणी घ्या आणि बसा."

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी फोन आला. मुलांचा वर्ग बंद! शाजिया फोनवर नुसतं "हो... हो..." म्हणतेय. मग भिंतीला टेकली.

मुलांऐवजी आता आयांना स्वतःचा वर्ग हवाय. सकाळी दहाचा, वर्षभराचा. दोयुनच्या आईने पोराकरवी सांगितलं म्हणे — तीन वर्षं झाली, अजून डॉक्टरकडे गेले तर मुलालाच बोलायला लावते, आणि तो म्हातारा एवढं मोडकं बोलून सात बायकांसमोर उभा राहिला! शिक्षिका शाजियाच हवी. विसाचे कागद आज गेले.

आयांची एक अट आहे. त्या वर्गात मीही बसायचं. विद्यार्थी म्हणून.

शाजिया आत्ता येऊन सांगून गेली, वर्गात अब्बा-बिब्बा चालणार नाही, हजेरी घेताना तुम्हाला नावाने हाक मारणार, लतीफ! सून, सासऱ्याला, नावाने! गावात कुणी ऐकलं तर?

म्हटलं, हजर म्हणेन.