तीन फुटी अप्पा

४ जानेवारी

मिळाली! भिंत मिळाली! वाचनालयाच्या नव्या दालनात दारातून आत शिरलं की समोर येते ती. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "वाचणाऱ्या माणसाचा एकच मोठा फोटो लावू या. पण जवळ जाऊन पाहिलं तरी तो स्वच्छ दिसला पाहिजे हं, धुरकट नको." महिनाअखेरीला उद्घाटन. तीन फूट उंच, दोन फूट रुंद – आणि खाली माझं नाव!

उभी नोकरी प्रेसमध्ये दुसऱ्यांच्या पुस्तकांची प्रुफं वाचण्यात गेली. कुणाच्या पानावर माझं नाव येण्याचा प्रश्नच नव्हता. आणि आता निवृत्त होऊन जेमतेम दोन महिने, तर थेट भिंतीवर! रस्त्यात उड्या मारायच्या तेवढ्या बाकी होत्या.

वाचणारा माणूस शोधायला नको. घरातच आहे – सासरे. सकाळी खिडकीपाशी पेपर घेऊन बसले की जेवायला हाक मारेपर्यंत हलत नाहीत.

५ जानेवारी

माझ्या जुन्या कॅमेऱ्यातला त्यांचा फोटो तीन फुटी करून आणला. अरेरे! नाक म्हणजे चिखलाचा गोळा. अप्पांनी प्रिंट लांब धरलं, जवळ धरलं. म्हणाले, "सूनबाई, हा मी नव्हे. हा माझा एखादा लांबचा चुलतभाऊ असेल."

म्हणजे कॅमेरा नवा हवा. आणि प्रिंटरही! हे म्हणाले, "प्रिंटर कशाला? बाहेरून छापून आण की." यांना काय सांगू! मला घरात कागद सरकताना बघायचाय. चूक दिसली की लगेच दुरुस्त, पुन्हा छाप. निवृत्तीच्या पैशातून एक तरी गोष्ट निव्वळ हौसेची होऊ दे.

७ जानेवारी

कॅमेऱ्याच्या दुकानात अर्धा दिवस गेला. दुकानदाराला कुठलाही फोटो दाखवा, तो दोन बोटांनी मोठा करत सुटतो. मी मनातल्या मनात त्याचं नाव झूमशेठ ठेवलंय.

मी आपली जास्तीत जास्त मेगापिक्सेल शोधतेय. तर झूमशेठ म्हणतो, "मॅडम, नुसत्या आकड्यावर जाऊ नका. लेन्स बघा. आणि हात हलला, की कितीही मेगापिक्सेल असू द्या, सगळं पाण्यात!" शेवटी दोन कॅमेरे वापरून बघायला दिले. मागच्या खोलीत मोठे प्रिंटर मांडून ठेवलेत त्याने, गुंडाळीच्या कागदावर छापणारे. "घरी काढा, इथे छापून बघा, मग ठरवा." देवमाणूस!

८ जानेवारी

माझी पद्धत अशी – खुर्ची तीच, खिडकी तीच, वेळ तीच, कॅमेरा तिकाटण्यावर. बटणाला हातसुद्धा लावायचा नाही, टायमर लावून मागे सरायचं. आणि अप्पांच्या हातात पेपर तोच, पानही तेच! नाहीतर तुलना कशी करणार?

"सूनबाई, ही बातमी आता मला पाठ झाली. पान उलटू का?"

"नाही!"

"निदान शेवट तरी वाचू दे, मागच्या पानावर आहे."

"हलू नका अप्पा!"

हे दारात उभे राहून हसत होते. "बाबा, शाळेत एवढे गप्प बसला असतात तर कुठल्या कुठे गेला असतात."

१० जानेवारी

काय प्रिंट आलंय! काय प्रिंट आलंय! जड कॅमेरा, त्याला दुसऱ्यावरची लेन्स – ही जोडी पक्की. पापणीचा केस अन् केस वेगळा. बोटाच्या पेरावरची सुरकुती. स्वेटरचा निघालेला धागा. मी प्रेसमधलं भिंग आणलं होतं, ते घेऊन अख्खं प्रिंट वाचून काढलं – हो, वाचूनच! अप्पांच्या हातातल्या पेपरात एका जाहिरातीत फोन नंबरचा एक आकडा गाळलेला सापडला. फोटोतल्या पेपरातली चूक! झूमशेठ कपाळाला हात लावून हसला.

एकच खोट. डाव्या कानशिलावर, चष्म्याच्या काडीखाली, शाई फुटलीय. बारीक काळा ठिपका, कडेने पसरलेला, निळसर. खिशातली लाल पेन्सिल काढली, गोल केला. जन्माची सवय!

१३ जानेवारी

दुसरा प्रिंटर. याची शाई कागदात मुरत नाही, वर बसते. म्हणे कित्येक वर्षं रंग उडत नाही. काळा तर असा दाट की बघत राहावं. पण कानशिलावर शाई फुटलेलीच. पुन्हा लाल गोल.

१४ जानेवारी

कागद बदलला. चकचकीत नको, दिव्याचा उजेड पडला की अर्धे अप्पा गायब होतात. बिनचमकीचा घ्यायचा. पण डाग? आहेच!

१५ जानेवारी

अप्पांनी भिंतीची बातमी सगळ्या गल्लीला दिली आहे. नवा शर्ट शिवायला टाकलाय. म्हणतात, "उद्घाटनाला मी फोटोच्या शेजारीच खुर्ची टाकून बसणार. लोकांना मूळ प्रत आणि छापील प्रत ताडून बघता येईल." माझीच भाषा माझ्यावर! पाच प्रिंटं झाली. पाचही जिन्यात लटकवलीत. वर जाताना पाच अप्पा, खाली येताना पाच अप्पा. हे म्हणाले, "एकच बाप पुरेसा होता ग."

किती दिवसांनी या घरात एवढी मजा चाललीय. मी फार आनंदात आहे. लिहूनच ठेवते.

१७ जानेवारी

आज वाजलं. पाचही प्रिंटं झूमशेठच्या टेबलावर पसरली, पाच लाल गोल दाखवले. म्हटलं, "हा डाग गेल्याशिवाय मी काहीही घेणार नाही. भिंतीवर चूक टांगू का?" त्याने प्रिंटर साफ केला, पुन्हा छापलं. डाग हजर. शेवटी तोही वैतागला. "मॅडम, सगळा चेहरा स्वच्छ आणि नेमकी तिथेच शाई फुटते? शाईचं काय अप्पांशी वैर आहे?"

"मग कॅमेऱ्याच्या आत धूळ असेल!"

"असेल तर सोपं आहे. एक फोटो अप्पांना चौकटीत डावीकडे बसवून काढा, एक उजवीकडे. धूळ असेल तर डाग चौकटीत एकाच जागी राहील. मग कॅमेरा बदलून देतो, नवा कोरा."

चालेल! बघतेच आता.

१८ जानेवारी

दोन्ही फोटो काढले. अप्पांना एवढं खुर्चीसकट सरकवलं, पण हूं नाही की चूं नाही. नवा शर्ट घालून ऐटीत बसले होते. कॉम्प्युटरवर मुद्दाम बघितलं नाही. पडद्यावर माझा विश्वास नाही, चूक कागदावरच कळते. परवा दुकान उघडलं की पहिलं गिऱ्हाईक मीच. दोन्ही प्रिंटं त्याच्यासमोर आपटते आणि म्हणते, काढा नवा कोरा!

२१ जानेवारी

डाग अप्पांबरोबर सरकला. डावीकडच्यात डावीकडे, उजवीकडच्यात उजवीकडे.

काल दुकानातून तशीच धावत घरी आले आणि अप्पांचा चष्मा काढला. ते म्हणाले, "जुना तीळ आहे ग तो. काडी घासून घासून वाढला असेल जरा." इतके दिवस भिंग घेऊन प्रूफ वाचत बसले, मूळ प्रत एकदाही पाहिली नाही मी!

आज त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी प्रिंट बघितलं, गालाला नाक लागेल इतकं जवळून अप्पांना बघितलं. मग नुसतं म्हणाल्या, "हा काढायचा आणि तपासायला पाठवायचा. याच आठवड्यात. बरं झालं आणलंत." जांभळं पेन घेतलं आणि अप्पांच्या कानशिलावर गोल केला. नेमका मी करत होते तिथेच.

मला तिथेच रडू फुटलं. अप्पांनी माझा हात धरला. "अग, रडतेस काय? छापायला जायच्या आत चूक सापडली ना?"