खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी योग्य यंत्र निवडल्याबाबत

मु. पो. पांढरकवडा

आदरणीय जीवनभाऊ यांस,
शामचा जय सेवालाल.

आपली तब्येत उत्तम असावी, वहिनींचा खोकला उतरला असावा आणि याडीचे गुडघे या थंडीत फार कुरकुरत नसावेत, अशी आशा करतो. (मला त्या सासूबाई असल्या तरी गुडघ्यांची काळजी पोटच्या पोरासारखीच वाटते, हे त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवावं.) माझी तब्येत ठणठणीत आहे. फोन न करता पत्र कायले लिहितो, असं तुम्हाला वाटेल, तर आपण माझा फोन उचलत नाही म्हणून. त्याबद्दल माझा काहीच राग नाही. ज्याच्या घरी त्याची बहीण नवऱ्यावर रुसून येऊन बसली आहे, त्या माणसानं जवायाचा फोन लगेच उचलला तर चारचौघांत बरं दिसत नाही. पण एक बाजू तुम्ही रोज ऐकत असाल, दुसरीही ऐकली पाहिजे. दुसऱ्या बाजूत विज्ञान आहे.

आमच्या दुकानाच्या वर दातांचे डॉक्टर नयन राहायचे, ते आपल्याला आठवत असतील. (मागच्या दिवाळीत तुमची दाढ त्यांनीच काढली.) ते कायमचे हैदराबादला गेले. जाताना त्यांची समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी मला देऊन गेले. टाकीत नारिंगी अंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे आणि लाल पाठीचा एक झिंगा. हा झिंगा फार सज्जन आहे. माशांच्या अंगावर चढून त्यांची साफसफाई करतो आणि मासेही न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखे गप उभे राहतात. डॉक्टरांनी टाकी दिली, मिठाची पोती दिली, दिवा दिला, पण पाणी शुद्ध करायचं यंत्र मात्र दवाखान्यासाठी घेऊन गेले. निघताना ते मला यंत्राबद्दल बराच वेळ सांगत होते. मी मान हलवत होतो. जीवनभाऊ, पंचवीस वर्षं मी ट्रकचे स्पेअर पार्ट विकून राह्यलो. डिझेलचा फिल्टर, ऑइलचा फिल्टर, हवेचा फिल्टर, सगळे माझ्या हातून गेलेले. या हायवेवर फिल्टर म्हटलं की लोक माझ्या दुकानाचा पत्ता सांगतात. मला फिल्टर काय शिकवता!

म्हणून सुरुवातीला मी दुकानातलाच सर्वात बारीक जाळीचा फिल्टर घेतला, बोअरच्या नळाला बसवला आणि आलेलं पाणी मीठ घालून टाकीत सोडलं. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसत होतं. आठवड्याभरात काचेवर तपकिरी शेवाळाचा असा थर चढला की मासे आत आहेत की नाहीत हे विचारावं लागे. यात फिल्टरचा दोष नाही. फिल्टर कचरा अडवतो. आपल्या बोअरच्या पाण्यात कचरा नाहीच, सगळं विरघळलेलं आहे. चहाच्या भांड्याला आतून जो पांढरा चुना चढतो, तेच ते. जे विरघळलं ते जाळीत कसं अडकेल? एवढा मोठा शोध मला एका आठवड्यात लागला, हे लक्षात घ्यावं.

मग मी स्वयंपाकघरातल्या आरओकडे वळलो. इथून पुढची हकीकत आपल्याला माझ्या विरोधात सांगितली गेली असेल. माझं म्हणणं साधं आहे. मासे पाण्यातच राहतात, आपण नुसते पितो. मग चांगल्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा? ममताला मी हे शांतपणे समजावलं. ती म्हणाली, "मंग मी काय बोअरचं पिऊ?" मी म्हटलं, "थोडे दिवस." तिनं भांडी जरा जोरात घासायला घेतली, त्यावरून मी समजलो की पटलं.

त्या दुपारी आमच्याकडे भिशीच्या बायका यायच्या होत्या. मला त्याची कल्पना नव्हती. (म्हणजे तिनं सकाळी सांगितलं होतं, पण मी तेव्हा मीठ मोजत होतो.) समुद्राचं मीठ चांगलं विरघळायला वेळ लागतो, म्हणून आरओचं पाणी भरलेल्या स्टीलच्या पिंपातच ते घोळून, झाकण ठेवून मी दुकानात गेलो. ममतानं त्याच पाण्याचं लिंबू सरबत केलं आणि मोठ्या काचेच्या ग्लासांतून दिलं. आपल्या बायका किती मर्यादाशील आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. एकीनंही थुंकलं नाही. सगळ्यांनी पहिला घोट तोंडात धरून एकमेकींकडे पाहिलं. उज्ज्वलाबाईंनी तेवढा गिळला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "छान झालं, मीठ जरासं पुढं गेलं." मग ममतानं स्वतः प्यायलं.

संध्याकाळच्या गाडीनं ती तुमच्याकडे महागावला निघाली. मी अडवलं नाही, कारण पिशवी भरताना ती जे बोलत होती त्यात बोलायला जागाच नव्हती. एवढं मात्र आठवतं, "माशाइले आरओ, अन् मले बोअर!"

घर रिकामं झाल्यावर माणूस नेटानं काम करतो. मी नवीन यंत्राच्या शोधाला लागलो. संजय नावाचा एक एजंट आला. मोठा बोलघेवडा पोरगा, हातात चकचकीत पुस्तिका. त्याचं यंत्र पाणी शुद्ध करून वर त्यात तांबं मिसळायचं. "काका, राजे-महाराजे तांब्याच्या भांड्यातलं पाणी पीत होते," असं तो म्हणाला. मी मनात म्हटलं, आपले मासेही राजासारखे राहू देत. त्यानं दाखवायला म्हणून यंत्र दोन दिवस ठेवलं. टाकीतलं पाणी वाफेनं खाली जातं, मीठ मागंच राहतं, म्हणून वरून गोडं पाणी घालावं लागतं. मी ते तांब्याचं घातलं. भरभरून घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झिंगा कुशीवर पडला होता. मासे एका कोपऱ्यात वर येऊन तोंड उघडझाप करत होते. मी काचेला टकटक केलं, तर झिंग्याचा एक पाय हलला, बस. जीवनभाऊ, मला हसू नका, पण मी काचेला तोंड लावून त्याला 'ऊठ बाबा' म्हटलं. घरात दुसरं कोणी नव्हतंच. मी डॉक्टरांना फोन लावला. एवढा शांत माणूस, पण ओरडला. "तांबं? शामभाऊ, झिंग्याले तांबं म्हणजे जहर! आत्ताच्या आत्ता पाणी बदला. मी सांगतलं होतं ना, ज्यात काहीच विरघळलेलं नाही असंच पाणी पाह्यजे! घरचा आरओ चालणार नाही, तो चवीसाठी खनिजं परत टाकते." मी विचारलं, "असं पाणी पांढरकवड्यात कुठं मिळन?" ते म्हणाले, "ते मले काय माहीत!"

दुकानात येऊन मी डोकं धरून बसलो. तेवढ्यात फोन वाजला. ममता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी कशी आहेस म्हणायच्या आत ती म्हणाली, "मासे कसे हायेत?" मी खरं ते सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. ती म्हणाली, "काहीच नसलेलं पाणी म्हंता, तं तुमच्या पाठीमागं ट्रकच्या बॅटरीत टाकाच्या पाण्याचे कॅन रचले हायेत ते कायचे हायेत? बॅटरीतबी साधं पाणी चालत नाई ना?"

मी मागे वळून पाहिलं. (हे माझ्या डोक्यात येणारच होतं, ती फक्त आधी बोलली.) डॉक्टरांनी टाकीबरोबर दिलेली, पाण्यात किती विरघळलं आहे ते मोजायची पेनासारखी कांडी कॅनात बुडवली, आकडा आला शून्य. दुकानाचं शटर ओढलं, सगळे कॅन घरी नेले, मीठ घोळलं, जुनं पाणी काढलं, नवीन सोडलं. गिऱ्हाइकं बाहेर हॉर्न वाजवून गेली. दुपार सरता सरता झिंगा उठून बसला आणि त्यानं एक मिशी हलवली. मी त्याला नमस्कार केला.

त्यानंतर निवडीत काहीच कठीण राहिलं नाही. नागपूरहून यंत्र मागवलं. आधी कचऱ्याचा फिल्टर, मग कोळशाचा, मग आरओचा पडदा आणि शेवटी राळेच्या बारीक मण्यांची नळी, जी उरलंसुरलं सगळं पकडते. तांबं नाही, चव नाही, काही नाही. आज पांढरकवड्यात या विषयात मला विचारल्याशिवाय कोणी बोलू नये, असं मी नम्रपणे म्हणू शकतो. सर्वांना यथायोग्य नमस्कार सांगावा आणि पोरांना माझ्या वतीनं खाऊ द्यावा.

आपला,
शाम राठोड

ता. क. यंत्र अजून खोक्यातच आहे. त्याला नळ लागतो आणि नळ स्वयंपाकघरात आहे. स्वयंपाकघरातल्या कशालाही पुन्हा हात लावणार नाही, असं मी कोणाला तरी एसटीच्या खिडकीखालून ओरडून सांगितलं होतं. तेव्हा आपण मोठे आहात, आपल्या शब्दाला मान आहे. यंत्र कुठं लावायचं हे सांगायला का होईना, तिला पाठवून द्यावं. बॅटरीचं पाणी संपत आलं आहे. घरही फार शांत आहे.

आणखी ता. क. (हे ममता लिहिते.)
भाऊ, मी सुखरूप पोचली. हे पत्र काउंटरवर पाकिटात बंद करून पडलं होतं, पोस्टात टाकाचं यायच्याकडून राहूनच गेलं. मी वाचलं. यायले वाटते नळ फक्त स्वयंपाकघरात आहे. न्हाणीच्या मागं एक नळ घर बांधलं तवापासून आहे. यंत्र तिथं लावून घेतलं, आता बरं चालू आहे. त्या दिवशी पाणी बदलेपर्यंत यायनं माह्या फोन कापला नाई, तसाच खिशात ठेवला. बोलत काहीच नव्हते, नुसता बादल्यांचा आवाज येत होता. मीबी ठेवला नाई. तुमी ओसरीत विचारलं होतं ना, इतका वेळ कोणाशी बोलते, तं ते हे.

आता खरं काम. आमी दोघांनी अजून समुद्र पाह्यला नाई. पुढच्या महिन्यात जाऊन येतो म्हंतो. तवा तुमी आठ दिवस इकडे राहाले या, मासे पाहाले कोणी पाह्यजे. वरचं सारं वाचून भिऊ नका. सकाळी चिमूटभर खाणं टाका, दिवा लावा अन् पाण्याच्या बाबतीत यायनं फोनवर काहीबी सांगतलं तरी हो म्हणा, अन् करू नका.