झाकण माझ्याकडे आहे

दि. ९, बुधवार

ताई,

नमस्कार. आम्ही ठीक, तुमच्याकडेही सगळे ठीक असतील. तुझा शर्यतीचा कप मला एका पंपाला पडला. चांगला पंप, मी स्वतः वाइंडिंग केलेला. वर अर्धा दिवस दुकान बंद, आणि जुन्या वस्तूंच्या दुकानदाराचं व्याख्यान फुकट. "अस्सल चांदी आहे, शेठ." मी टिचकी मारून ऐकलं. म्हटलं, "पितळ आहे, वर नुसता मुलामा. आणि याचं झाकण माझ्या कपाटात आहे." मग पंपावर तयार झाला. घर बदलताना तू सामान कमी केलंस, हे त्याच्याकडून कळलं. मला राग नाही. असता तर पंप दिला असता का?

बाकी बातमी म्हणजे, तुझी भाची पुढच्या रविवारी त्याच शर्यतीत उतरतेय. तीच नदी, तोच सगळा पल्ला. नियमही तोच, प्रत्येक पोहणाऱ्याच्या सोबतीच्या होडीत घरचं एक माणूस. तिने परस्पर माझं नाव दिलं. "बाबा, आत्याला तुम्हीच आणलंत ना?"

दुकानात येईल त्याला वर्षानुवर्षं मीच सांगत आलो, की ताई नुसते हात मारत होती, नदी मी वाचत होतो. होडीतून डबा वाजवायचो, एक ठोका डावीकडे, दोन उजवीकडे. अर्धा कप माझा! हेच ऐकून तू झाकण माझ्या अंगावर भिरकावलंस, "घे तुझा अर्धा!" आणि आपलं बोलणं बंद झालं. पोरीने मात्र सगळं खरं धरलं.

काल सरावाला तिच्या होडीत बसलो. वळणावर पाणी आत ओढतं ना, तिथे ती दिसेनाशी झाली. डबा हातात, पण एक की दोन, सुचेना. उभाच राहिलो. होडीवाल्याने सदरा धरून खाली ओढलं. "शेठ, बसा! दोघांना काढायला मी एकटाच आहे." तेवढ्यात ती पुढे वर आली, हसत. "बाबा, डबा का थांबला?"

तेव्हापासून चैन नाही. आवाजावरून पंपाचं दुखणं ओळखणारा मी, आज बिघडलेल्या पंपासमोर उभा राहिलो आणि काही ऐकूच आलं नाही. दुकानातून घरी, घरून नदीवर, नदीवरून पुन्हा दुकानात. तुझी भावजय म्हणते, "एका जागी बसा, नाहीतर तुम्हीच उतरा शर्यतीत."

माझं नाव काढ म्हणावं, तर पोर कारण विचारणार. आणि त्या वळणावर खरंच काही झालं, तर डबा वाजवून ती वर यायची नाही. तू अजूनही उडी मारशील, मला माहीत आहे. आदल्या दिवशी ये. माझ्या जागी तू बस. घरचं माणूस तूही आहेस. कप घासून ठेवलाय. झाकण लावलेलं नाही, ते तू लाव.

त्या भांडणात तू मला काय काय बोललीस, पण एक गोष्ट चारचौघांत काढली नाहीस. ती अजून तुझ्यामाझ्यातच आहे.

तुझा धाकटा,
ज्याला पोहता येत नाही