तोकुए आजींचा डावा डोळा

७ एप्रिल
कोबेत आले. खोली चौथ्या मजल्यावर आहे. एका खिडकीत डोंगर, दुसरीत बंदरातल्या क्रेन. तोत्तोरीहून निघताना आईने दहा किलो तांदूळ पाठीवर लादलेच. संशोधन केंद्र भराव घातलेल्या बेटावर आहे, घरापासून गाडीने पंधरा मिनिटं. आमचे प्रमुख इनुई सर सगळ्यांसमोर म्हणाले, इथे हुशार माणसं पुष्कळ झाली, आता वेळच्या वेळी पेशींचं पाणी बदलणारं कुणीतरी हवंय. सगळे हसले, मीही हसले. चौतिसाव्या वर्षी नवी नोकरी, तरी शाळेचा पहिला दिवस असल्यासारखं वाटत होतं.

२२ एप्रिल
माझ्याकडे एकच चादर सोपवली आहे. चादर म्हणजे पेशींचा पातळ थर, करंगळीच्या नखाहून लहान, चहासारखा तपकिरी. ती तोकुए हिराओका नावाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजींच्या डाव्या डोळ्यात, पडद्याखाली बसवायची आहे. वयामुळे त्यांना कडेचं तेवढं दिसतं. समोरच्या माणसाच्या तोंडाच्या जागी करडा डाग असतो. त्यांच्याच दंडाच्या कातडीतून पेशी घेतल्या, त्यांच्या मूळपेशी केल्या आणि मग त्यांना डोळ्याच्या पेशींचं वळण लावलं.

आज आजी स्वतः चादर बघायला आल्या होत्या. चाळीस वर्षं त्यांनी मोती निवडले, उत्तरेच्या खिडकीशी बसून, रंगावरून. मला म्हणाल्या, "मोती पिकवायला आम्ही पण हेच करायचो गं. एका शिंपल्याचा तुकडा कापायचा, दुसऱ्याच्या पोटात घालायचा. त्या बिचाऱ्यांना कुणी विचारलं नाही. मला निदान फॉर्म तरी भरायला दिला."

२० मे
हे लिहायला नको, पण कुठेतरी लिहायलाच हवं.

चादरीचा एक कोपरा कापून तपासायचा असतो. वळण न लागलेली एखादी मूळपेशी त्यात राहिली, तर ती डोळ्यात गेल्यावर काहीही होऊ शकते. केस, दात, काहीही. म्हणून शस्त्रक्रियेआधी त्या मोजायच्या आणि आकडा शून्य यायला हवा. ते काम माझं होतं. तपासायचा तुकडा माझ्या हातून बेसिनमध्ये पडला आणि नळ चालू होता.

दुसरा तुकडा कापला तर चादर अपुरी पडणार. नवी करायला दहा महिने. शस्त्रक्रिया आठवड्यावर आली होती. इनुई सर दारातून डोकावले आणि झालं का म्हणून विचारलं. मी हो म्हणाले आणि रकान्यात शून्य लिहिलं.

नंतर जेवायला बसले तेव्हा माझी मान वर होईना.

२८ मे
शस्त्रक्रिया नीट झाली. सगळ्यांनी एकमेकांना वाकून नमस्कार केले. इनुई सरांनी मला पुढे बोलावलं आणि पाहुण्यांना सांगितलं, चादर हिने जपली. टाळ्या थांबेपर्यंत मी वाकलेलीच राहिले.

३ जुलै
आजींना दिसू लागलं. खुर्चीत बसून त्यांनी माझ्याकडे किती वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "अगं, मला वाटलं होतं तू गोल चेहऱ्याची असशील. तुझा आवाज गोल आहे." बरोबर डबा आणला होता, बारीक माशांचा, सोया आणि साखरेत आटवलेला. स्वतः केला होता, म्हणाल्या, मासे निवडताना एकही डोळ्यातून सुटला नाही.

घरी आणून डबा ओट्यावर ठेवला. उघडवला नाही.

१६ जुलै
आजी म्हणाल्या, डोळ्यात एक केस दिसतो. काळा, टोकाला वळलेला. इनुई सर म्हणाले, या वयात असे धागे तरंगतातच.

मी जिन्यात जाऊन बसले.

१७ जुलै
शस्त्रक्रियेच्या वेळी छाटलेले चादरीचे काठ आम्ही नोंदीसाठी काचेच्या बशीत, उबेच्या कपाटात ठेवतो. आज ती बशी काढून पाहिली. एका काठावर फुगवटा आहे. त्यातून एक केस आला आहे.

२४ जुलै
केस सात. मधे काळी वाटी, तोंडाशी थेंबासारखं स्वच्छ काहीतरी. हे काय असतं ते मला ठाऊक आहे. पुस्तकात चित्र असतं — न जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याचं.

बशी दिव्याखाली फिरवली. वाटी परत माझ्याकडे वळली. दिव्याकडे नाही. माझ्याकडे.

२५ जुलै
सरांकडे गेले. चाचणी पुन्हा करू या का, एवढंच विचारलं. त्यांनी नोंदवही उघडली, माझ्या अक्षरावर बोट ठेवलं. म्हणाले, तू शून्य लिहिलंयस ना, मग कशाला घाबरतेस. बोलताना ते हसले, प्रेमाने. मी आभार मानून बाहेर आले.

२९ जुलै
बशी ब्लीचमध्ये बुडवली. शेवटपर्यंत बघत होतं — मी नाही, ते.

आणि तेच आजींच्या —

१ ऑगस्ट
आजींचा फोन. आवाज दबलेला. म्हणाल्या, एवढ्या माणसांनी एवढे कष्ट घेतले आणि मी कुरकुर करते, लाज वाटते गं. पण केस नाही तो आता. कुणीतरी आतून बाहेर बघतंय.

लाज त्यांना वाटते. त्यांना.

४ ऑगस्ट
आजी तपासणीला आल्या. काचेपलीकडे सरांशी बोलत होत्या, उजवा डोळा सरांवर. डावा माझ्यावर. मी कपाटामागे गेले — तो कपाटावर थांबला. बाहेर आले, तर तिथेच —

आजींना कळत नाही. त्या सरांना जपून हसत होत्या.

५ ऑगस्ट
सरांनी सर्जनना बोलवायला धाव घेतली आहे. जाण्याआधी त्यांनी यंत्रातून आजींच्या डोळ्यात पाहिलं — तोंड पांढरंफटक. मला म्हणाले, यांच्याजवळ बस. का, ते आजींना सांगितलं नाही.

आजी समोर. हनुवटी यंत्रावर. उजवा डोळा पट्टीखाली. मी लिहितेय, कारण वर बघवत नाही. ते आले की सांगणार. वीस मेचं सगळं. नक्की —

आजी विचारतात, "पोरी, काय लिहितेस गं एवढं?"

वही थोडी सरकवली. डोळाही सरकला. ओळीवरून ओळीवर. आजी म्हणतात, अगं, किती बारीक अक्षर, तरी दिसतंय मला — सहा वर्षांनी वाचतेय — आनंदाने म्हणतात —

आजींनी वही ओढून घेतली, पानं मागे उलटताहेत, बोट थुंकीने ओलं करून; हे मी सुट्या कागदावर लिहितेय. मी वीस मेवर हात ठेवला. त्यांनी तो हलकेच उचलला, आपल्या हातात धरला. सरांची पावलं दाराशी. आणि आजी मोठ्याने वाचायला लाग