गुलाबी कुपनं आणि गल्लीतला खड्डा

ती. दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. कंबर कशी आहे? वहिनींचं ऐकतोस ना, की अजून बादल्या उचलतोस? इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझ्या भावोजींनी मात्र मधल्या काळात गल्लीची अर्थव्यवस्था सांभाळली, तेवढं सांगायचं राहिलं होतं.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर यांना अर्थशास्त्र शिकवायला घरात मी एकटीच उरले होते. तेवढ्यात गल्लीतल्या दुकानदारांनी यांना आपल्या संघाचे अध्यक्ष केलं (दुसरं कुणी तयार नव्हतं). धंदा मंदच होता. यांनी पहिल्याच बैठकीत निदान केलं: माल आहे, माणसं आहेत, फक्त मागणी नाही, आणि केन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाच्या मते अशा वेळी सरकारनं हात सैल सोडावा. गल्लीपुरतं सरकार म्हणजे हेच! छापखान्यातून गुलाबी कुपनं आणली, घरोघर फुकट वाटली, आणि ती दुकानांत पैशासारखी चालतील असं जाहीर केलं.

सुरुवातीला, खोटं कशाला बोलू, मजा आली. माझ्या शिलाईच्या दुकानात पँटी आखूड करायला रांग. पण महिनाभरात दोन कुपनांची दाढी सातवर गेली. न्हावी म्हणे पाव महागला, बेकरीवाला म्हणे शिलाई महागली, आणि मी शिलाई वाढवली ती यांच्या दाढीपायी! यांचं मत पडलं की मागणी अजून कमीच पडतेय. मग आणखी कुपनं छापली, आणि ती वाटायला काम हवं म्हणून मजूर लावून गल्लीच्या तोंडाशी खड्डा खणवला. उद्या तोच बुजवायचा, म्हणजे पुन्हा रोजगार. संध्याकाळी चष्मेवाला (डोळ्यांवर चष्मा असताना) त्यात पडला. पाय मुरगळला. मजुरांनी त्याला वर काढलं, पण मजुरी कुपनांत घ्यायला साफ नकार दिला.

त्या दिवशी मी गल्ल्याचा डबा यांच्यापुढे उपडा केला. म्हटलं, "ही माझी महिन्याची शिलाई, सगळी कुपनांत. यात बटणांचं एक पाकीट आणून दाखवा."

गेले बिचारे. सगळी गल्ली फिरून रिकाम्या हातांनी आले. आल्यावर म्हणाले, "तुझे कष्ट मी पातळ केले गं." इतक्या वर्षांत यांचं एक वाक्य मला पहिल्यांदाच लगेच कळलं.

दुसऱ्या दिवशी यांनी कुपनं बंद केली, चष्मेवाल्याच्या औषधपाण्याचा खर्च पेन्शनीतून दिला आणि स्वतः फावडं घेऊन खड्ड्यापाशी उभे राहिले. यांचं फावडं धरणं न बघवून बेकरीवाला आला, न्हावी आला. हात लागलाच आहे तर हातगाड्या अडकायच्या तो उंचवटाही सपाट करून टाकू, असं निघालं. आता गाड्या आत येतात, त्यांच्यामागून गिऱ्हाईकंही. खरे पैसे देतात, दादा! (हे "सार्वजनिक खर्चाचा..." म्हणून सुरू झाले होते. मी नुसतं पाहिलं.)

तुझी,
धाकटी

ता. क. कालच पत्र आलं. यांना सरकारच्या चलन सल्लागार समितीवर घेतलं आहे. प्रत्यक्ष अनुभव आहे म्हणून.

ता. ता. क. तुझ्याकडे ठेवलेल्या माझ्या पैशांचं शिलाई मशीन घेऊन टाक. जुनं चालेल, रंग कुठलाही चालेल. पण सोमवारच्या आत घे. सोमवारी समितीची पहिली बैठक आहे.